काशिराज पंडित: मध्यस्थाचा इतिहास
पानिपतच्या संग्रामाचा (१७६१) वृत्तांत फार्सीत लिहिणारा काशिराज पंडित हा योद्धा नव्हे. अयोध्येच्या शुजाउद्दौलाच्या पदरी असलेला दक्षिणी ब्राह्मण. सदाशिवरावभाऊंची तहाची बोलणी त्याच्या द्वारे चालत, आणि त्यांची निर्वाणीची चिठ्ठीही त्याच्याच हाती पडली. लेखन मात्र १७८० चे, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनंतरचे; तेव्हा त्यातील सैन्याचे आकडे जपूनच घ्यावेत. परंतु शुजा तहास अनुकूल असता नजीबखानाने मोडता कसा घातला, हे दोन्ही गोटांत वावरलेल्या मध्यस्थावाचून कोण सांगणार? आपले बखरकार रणाचे वर्णन रंगवितात. काशिराज तंबूतील बोलणी ऐकवितो. युद्धानंतर प्रेते ओळखण्याचे कामही त्यालाच करावे लागले. ज्यांचा निरोप त्याने पोचविला होता, त्या भाऊंचेही.