आभाळातून पडतो तो बहुधा दगडच

संग्रहालयातल्या काचेआड मांडलेले अशनी बरेचदा लोखंडाचे असतात. त्यामुळे आकाशातून लोखंडच पडते, असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात पडताना पाहून गोळा केलेल्या अशनींपैकी सुमारे ९४ टक्के दगडी असतात. लोखंडी तुकडा सहज ओळखू येतो आणि लवकर झिजतही नाही, म्हणून तो मागे उरतो. दगडी तुकडा मात्र शेतातल्या धोंड्यांत हरवून जातो.

मग हा दगड सह्याद्रीच्या कातळासारखाच का? खनिजे ओळखीचीच आहेत: ऑलिव्हीन, पायरॉक्सीन, प्लॅजिओक्लेज. घडण मात्र वेगळी. २८ जानेवारी १९७६ला गुजरातेत धजाळा परिसरात पडलेल्या दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की मिलिमीटरभराचे गोल मणी दिसतात आणि त्यांच्यामध्ये लोह-निकेलचे कण. या मण्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. नवजात सूर्याभोवतीची धूळ वितळून झटपट थिजली, तेव्हाचे हे थेंब आहेत. वय सुमारे ४५६ कोटी वर्षे. पृथ्वीच्या कोणत्याही खडकात असे मणी सापडत नाहीत.

उल्कावर्षावात असे दगड पडतात, हाही गैरसमजच. तो बहुतांशी धूमकेतूंनी मागे सोडलेल्या धुळीचा असतो आणि ती वरच जळून जाते. दगडी अशनी येतात ते मुख्यतः लघुग्रहांवरून. जपानच्या हायाबुसा यानाने २०१०मध्ये इतोकावा लघुग्रहाचे कण आणले. त्यांची खनिजे एका जातीच्या दगडी अशनींशी तंतोतंत जुळली.

काही पाहुणे मात्र मंगळाचे. २५ ऑगस्ट १८६५ला बिहारमध्ये शेरघाटीजवळ पडलेला दगड त्यांतलाच. त्याच्याच जातीच्या, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका दगडात अडकलेला वायू व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला. शेरघाटीच्या दगडात प्लॅजिओक्लेजची आघाताने काच झालेली आहे. तिला मास्केलिनाइट म्हणतात आणि ती १८७२मध्ये याच दगडातून प्रथम ओळखली गेली.

हीच काच बुलढाण्यातल्या लोणारलाही मिळते! पण तिथल्या काठावरचे काळे दगड म्हणजे अशनीचे तुकडे नव्हेत. तो आपल्या दख्खनचा बेसॉल्ट आहे, आघात सोसलेला.

चुंबक चिकटला की अशनी, ही कसोटीही फसवी. बेसॉल्टमध्येही मॅग्नेटाइट असते. शिवाय जोरदार चुंबकाने खऱ्या अशनीतली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. तेव्हा पातळ काळ्या कवचाचा, जड, बिनछिद्रांचा दगड सापडला तर त्याला चुंबक लावू नका, फोडूही नका. जागेची नोंद करा, फोटो काढा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.