फोनमधले अशोक पत्की

परवा आदिलाबादच्या बस स्टँडवर किनवटच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या आजोबांचा फोन वाजला. रिंगटोन? ‘आभाळमाया’ मालिकेचं शीर्षकगीत! आजोबा तेलुगूत बोलले, फोन ठेवला आणि मराठीत म्हणाले, “नातीनं लावून दिलंय.”

घरी आल्यावर माझं जुनं फोल्डर उघडलं. ती रिंगटोन ज्यांची, त्या संगीतकार अशोक पत्की यांची गाणी मी त्यात जमवतोय.

सुरुवातीला सुमन कल्याणपुरांची भावगीतं, ‘केतकीच्या बनी तिथे’ वगैरे. मग नाटक, ‘मोरूची मावशी’तलं ‘टांग टिंग टिंगा’. दोन्ही चाली एकाच माणसाच्या, हे सांगितलं तर लोक हसतात.

१९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’चं श्रेय अनेकांमध्ये वाटलेलं आहे, पण त्यात पत्कींचा वाटा मोठा. भैरवीची ती एकच चाल कितीतरी भाषांमधून फिरते. तेलुगूही त्यात आहे, आम्हा सीमेवरच्यांना त्याचं जरा जास्तच कौतुक!

माझा आवडता कप्पा मात्र मालिकांचा. ‘आभाळमाया’ १९९९ची, नंतर ‘वादळवाट’; दोन्हींत देवकी पंडितांचा आवाज, मंगेश कुळकर्णींचे शब्द. शीर्षकगीताला वेळ जेमतेम मिनिटभर. स्वयंपाकघरातल्या माणसाला पहिल्या दोन सुरांतच कळलं पाहिजे, मालिका सुरू झाली. पत्कींनी जाहिरातींच्या जिंगल्स भरपूर केल्या, तो हात इथे दिसतो.

चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो कोकणी ‘अंतर्नाद’ला. माझ्याकडे नेमकी तीच गाणी नाहीत.

कुणाकडे आहेत का? आणि तुमचं आवडतं शीर्षकगीत कोणतं?