दारू सोडायचीय? सभेला जाऊन बघा

दारू सोड म्हणणारे खूप भेटतात. ‘मीही यातून गेलोय’ म्हणणारा क्वचितच. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभांत असेच लोक भेटतात. पुण्यातही या सभा होतात. फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. घरच्यांना सोबत न्यायचे असेल, तर सभा ‘खुली’ आहे का, हे आधी विचारावे. त्यांच्यासाठी ‘अल-अ‍ॅनॉन’चे वेगळे गटही असतात.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद करू नये. झटके, भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना किंवा येरवड्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रात दाखवावे. एका सभेत मन रमले नाही, तर दुसरी बघावी.