मनाची विचारपूस : भाग ६ – समुपदेशकाच्या खोलीतला पहिला तास

शिरूर अनंतपाळ तालुक्यातला माणूस समुपदेशकापर्यंत पोचतो तो सहसा बरीच दारं हिंडून. छातीत धडधड होते म्हणून आधी गावातला दवाखाना, मग निलंग्याला नाहीतर लातूरला ईसीजी. कागदावर सगळं नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका’ असं डॉक्टर सांगतात, पण ते घ्यायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. मग ‘बाहेरचं काही आहे का बघा’ असं कुणीतरी सुचवतं आणि त्यात महिने जातात. हे महिने वाचावेत म्हणून आजचा भाग.

आधी कुणाकडे जायचं ते पाहू. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात. ते गोळ्या देतात. समुपदेशन करणारे मानसशास्त्रज्ञ गोळ्या लिहून देऊ शकत नाहीत. त्यांचं काम बोलण्यातून, प्रश्नांतून, सरावातून चालतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकाची पाटी मात्र आपल्याकडे चार दिवसांचा कोर्स करूनही लावली जाते. तेव्हा ‘तुमचं शिक्षण काय, अनुभव किती’ असं सरळ विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

खोलीत पलंग नसतो, यंत्रं नसतात. दोन-तीन खुर्च्या, एक टेबल. आपल्याकडे पेशंट एकटा कधी येत नाही. आई, काका, शेजारचा एखादा जाणता माणूस असे सगळे आत शिरतात. नीटच्या तयारीसाठी लातूरला ठेवलेल्या मुलाची आई बसल्याबसल्या सुरू करते, ‘मॅडम, ह्येला जरा समजावून सांगा. नुसतं भिंतीकडं बघत बसतंय.’ समुपदेशक तिचं ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘ताई, तुमच्याशीही बोलते. पण आधी आम्हा दोघांना थोडा वेळ बोलू द्या.’ आई बाहेर गेल्यावर मुलगा पाच मिनिटं काहीच बोलत नाही. ती पाच मिनिटं कुणी त्याला घाई करत नाही. पहिल्या भेटीतलं महत्त्वाचं काम तिथूनच सुरू होतं असं मला वाटतं, कारण त्या मुलाला घरात गप्प बसायचीही मुभा नसते.

मग साधे प्रश्न येतात. झोप कशी आहे, जेवण जातं का, पूर्वी कशात मन रमायचं, हे कधीपासून, घरात कुणाला असा त्रास होता का. दारू, कर्ज, जुने आजार, चालू गोळ्या, सगळं विचारतात. पुष्कळदा पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली भरून घेतात. मागच्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त २७. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त आली तर बारकाईने पाहावं लागतं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तो वाचून दचकू नका. तो सगळ्यांनाच विचारतात. खरं असेल तेच लिहा.

‘मॅडम माझ्या मावशीच्या ओळखीच्या निघाल्या तर?’ ही आपल्या भागातली भीती खोटी नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ने उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. तिला अपवाद आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणं, न्यायालयाचा आदेश, आणि लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार कळवावंच लागतं. हे पहिल्याच दिवशी समजावून सांगायला हवं. सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. याच २०१७च्या कायद्याचं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जावं, त्याच्यावर खटला चालवू नये. पोलिसांच्या धास्तीने औषध प्यायल्याचं लपवणाऱ्या घरांनी हे कलम ऐकायलाच हवं.

मनाची मदत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर पुण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेने, डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने, वाचलेल्या लोकांच्या मनावर काय परिणाम झाला याचा अभ्यास केला. आगाशे आपल्याला नट म्हणून ठाऊक. ते मुळात मनोविकारतज्ज्ञ. पुढे २०१५च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आला. मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत लातूर होतं, आणि घरोघरी विचारपूस करायची जबाबदारी आशाताईंवर आली. तुमच्या आशाताईला विचारा, रस्ता तिला माहीत असतो. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडणार असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे: फुकट, चोवीस तास, मराठीत. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. मरणाचे विचार घेरत असतील तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता आजच फोन लावा, घरातल्या एकाला सांगा आणि फवारणीची औषधं घराबाहेर हलवा.

पहिल्या तासाअखेर उपाय हातात पडत नाही, आणि इथेच बरेच जण हिरमुसून परत जातात. ‘नुसत्याच गप्पा मारल्या’ असं वाटतं. साधारणपणे आठवड्याला एक भेट, पाऊण ते एक तासाची, अशा सहा-आठ भेटी धरून चाला. दुखणं जुनं असेल तर जास्त. मधल्या दिवसांसाठी गृहपाठ असतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५मध्ये मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती वापरणारे समुपदेशक वही करायला सांगतात: काय घडलं, मनात काय आलं, मग काय वाटलं. ‘सोयाबीनचा भाव पडला’ ही घटना. ‘आता मी कुणाला तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही’ हा विचार. भाव समुपदेशकाच्या हातात नसतो. दुसरं वाक्य खरं आहे का, हे मात्र दोघं मिळून तपासतात.

दोन-तीन भेटींनंतरही मोकळं वाटत नसेल तर तसं तोंडावर सांगा, किंवा समुपदेशक बदला. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

(पुढील आठवड्यात : मनोविकारांच्या गोळ्या आणि सवय लागण्याची भीती)