पहिलं वर्ष बालवाडीचं: ऐकीव काय, खरं काय

जून जवळ आला की पहिल्यांदाच मूल शाळेत घालणाऱ्या घरात सल्ल्यांची रीघ लागते. शेजारच्या काकू, ऑफिसातली मैत्रीण, सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळ्यांकडे काही ना काही सांगण्यासारखं असतं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्यातलं बरंचसं चुकीचं असतं आणि त्या चुकीचा ताण शेवटी साडेतीन वर्षांच्या जिवावर येतो. कुणी बालवाडी म्हणतं, कुणी नर्सरी, कुणी छोटा शिशू. वर्ग तोच आणि गैरसमजही तेच. माझ्या मते त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बालवाडीचं पहिलं वर्ष म्हणजे पहिलीची तयारी, असं आपण धरून चालतो. खरं तर ते वर्ष असतं घराबाहेरच्या माणसांवर विश्वास ठेवायला शिकण्याचं.

पहिली धास्ती वयाची. ‘यंदा नाही घातलं तर मागे पडेल.’ महाराष्ट्रात नर्सरीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाला ३ वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि पहिलीसाठी ६. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. तो ६ ते १४ या वयाला लागू आहे. म्हणजे बालवाडी उपयोगाची असली तरी कायद्याने सक्तीची नाही. आता ३१ डिसेंबर ही तारीख नीट डोळ्यांसमोर आणा. एकाच वर्गात जानेवारीत जन्मलेलं मूल असतं आणि डिसेंबरात जन्मलेलंही. दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर, आणि तीन वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे केवढं तरी मोठं! धाकट्याला बटण लावता येत नाही, सलग वाक्यं बोलता येत नाहीत, म्हणून ते ‘कच्चं’ ठरत नाही. ते फक्त लहान आहे. अगदी वर्षअखेरीचा जन्म असेल आणि मूल अजून तयार वाटत नसेल, तर एक वर्ष थांबण्यात कमीपणा नाही. मात्र वयाच्या वरच्या मर्यादेबद्दल शाळेत आधी विचारून घ्यावं.

मग येतो रडण्याचा प्रश्न. फाटकाशी मूल पाय धरून बसतं, घसा फाटेस्तोवर रडतं आणि आईबाबांना वाटतं, शाळा चुकली. नाहीतर आपलंच काहीतरी चुकलं. या वयात आईवडिलांपासून दूर होताना रडू येणं हे निरोगी जवळिकीचं लक्षण आहे. ज्याला घर हक्काचं वाटतं, त्याला ते सुटताना रडू येतं. बहुतेक मुलं पालक नजरेआड झाल्यावर थोड्याच वेळात शांत होतात, पण ते बघायला पालक तिथे नसतात. त्यांच्यासोबत घरी येतो तो फक्त फाटकाजवळचा हंबरडा.

रडण्याचीही एक चाल असते. काही मुलं पहिल्याच दिवशी रडतात आणि पंधरवड्यात रुळतात. काही पहिला आठवडा नव्या खेळण्यांच्या नादात मजेत जातात, आणि ‘हे रोजचंच आहे’ हे उमगलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रडायला लागतात. रुळलेली मुलंही सोमवारी, आजारपणानंतर, गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा चार दिवस रडतात. यात कुणीच मागे गेलेलं नसतं.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: ‘ते खेळात रमलं की गुपचूप सटका.’ कृपा करून हे करू नका. त्या दिवशी रडणं टळेल, पण मागे वळून पाहिल्यावर आई नाही, हा अनुभव मुलाला दुसऱ्या दिवसापासून दारावर नजर ठेवायला लावतो. मग ते खेळतही नाही. निरोप छोटा असावा, पण तो घ्यावाच. एक पापा, हात हलवणं आणि परत कधी येणार ते त्याला कळेल अशा शब्दांत. ‘साडेअकराला येते’ हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. ‘डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की बाबा येणार’ हे कळतं. आणि मग त्या वेळेला खरंच हजर राहायचं. पहिले काही आठवडे दहा मिनिटांचा उशीरसुद्धा त्याला फार लांब वाटतो.

काळजी करण्यासारखं रडणंही असतं, ते ओळखता आलं पाहिजे. महिना-दीड महिना झाला तरी मूल दिवसभर रडतंय, खात नाही, कशाला हात लावत नाही, तर ताईंशी सविस्तर बोला. छान रुळलेलं मूल अचानक एखाद्या माणसाला, गाडीला किंवा जागेला घाबरू लागलं, तर ‘नखरे करतंय’ म्हणून सोडून देऊ नका. शांतपणे विचारा, ऐका, आणि शाळेला जाब विचारायला संकोचू नका.

माझ्या लेखी सगळ्यात नुकसानकारक गैरसमज लिहिण्याबद्दलचा आहे. ‘चार महिने झाले, अजून अ आ इ लिहीत नाही, मग फी कशाची भरतोय?’ हा प्रश्न पालकसभेत अगदी मोकळेपणाने विचारला जातो. त्याचं उत्तर मुलाच्या हातात आहे, शब्दशः. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे काढला तर त्यातली साधारण दोन-तीनच दिसतात. बाकीची अजून मऊ कूर्चा असते. ती पुढच्या काही वर्षांत एकेक करून हाडं बनतात आणि शेवटचं तर आठ-दहा वर्षांच्या सुमाराला. बोटांचे बारीक स्नायूही तयार होत असतात. या वयाचं मूल खडू धरतं तेव्हा बघा. खडू अख्ख्या मुठीत असतो आणि रेघ ओढताना खांद्यापासून सगळा हात हलतो. हळूहळू ती हालचाल कोपरात येते, मग मनगटात, आणि शेवटी बोटांत. हा क्रम ओलांडून त्याला दोन रेघांमध्ये ‘अ’ गिरवायला बसवलं की ते पेन्सिल आवळून धरतं, हात दुखतो, आणि लिहिणं ही नकोशी गोष्ट होऊन बसते.

याला इलाज आहे आणि तो स्वयंपाकघरातच आहे. मटार सोलायला बसवा, कणकेचा गोळा मळायला द्या, शेंगदाणे आणि राजमा वेगळे करायला सांगा, लहान पेल्यातून पाणी ओतू द्या, जुन्या कागदाचे कपटे फाडू द्या. सांडेल, सांडू द्या. पुढे सुवाच्य अक्षर काढणारी बोटं याच कामांतून घडतात.

हे नवं खूळ नाही. उलट ही परंपरा आपल्याच मातीत रुजली आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ मध्ये ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? त्यांनी बिया, शिंपले, पानं, माती, खडे हीच साधनं केली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये वाढलं. आज देशभर गावोगाव जी अंगणवाडी दिसते, तिची कल्पना या कामातून पुढे आली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर ती सगळीकडे पोचली.

धोरणही आज हेच म्हणतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला: बालवाडीची तीन वर्षं, पहिली आणि दुसरी. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यानुसार ३ ते ६ वयासाठी पाठ्यपुस्तक नको. शिकणं खेळातून, गाण्यांतून, गोष्टींतून आणि हाताळण्यातून व्हावं. २०२० च्या दप्तर धोरणानुसार बालवाडीच्या मुलाला दप्तरच नको आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको. तेव्हा नर्सरीतलं मूल रोज दोन वह्या आणि चार ओळींचा गृहपाठ घेऊन घरी येत असेल, तर ‘शाळा अभ्यासाला कडक आहे’ म्हणून खूश होण्याआधी ताईंना विचारा की हे कशासाठी. अनेकदा शाळा ते पालकांच्याच आग्रहाने करत असतात. पालकांनी आग्रह सोडला तर अनेक ताईंना हायसंच वाटेल.

आता भाषा. इंग्रजी माध्यमात प्रवेश झाला की मराठी घरांत अचानक ‘ईट’, ‘सिट’, ‘कम हिअर’ सुरू होतं. दोन भाषांनी मूल गोंधळेल, अशी भीती असते. दोन भाषांमुळे मुलाचा मेंदू गोंधळत नाही. एका वाक्यात दोन्हींचे शब्द मिसळणं ही त्या शिकण्याचीच एक पायरी आहे. नव्या भाषेच्या वर्गात मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतं, आणि त्या काळात ते ऐकून साठवत असतं. घरी आजी गोष्ट सांगते, बाबा भाजी निवडताना गप्पा मारतात, त्यातून जो शब्दसाठा आणि जी समज येते तिच्यावरच दुसरी भाषा उभी राहते. मोडक्या इंग्रजीत बोलताना आपण नकळत कमी बोलतो, आणि तो तोटा मोठा आहे. राष्ट्रीय धोरणही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असंच सुचवतं. एक मात्र करा: मूल शू, शी, पाणी, दुखतंय यांसाठी घरी कोणते शब्द वापरतं, ते ताईंना लिहून द्या. ‘मम्मम’ म्हणजे याच्या घरी पाणी की भात, हे त्यांना कसं कळणार?

‘शाळेत घातल्यापासून सारखं आजारी आहे, अशक्तच झालंय.’ तसं नसतं. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं सामान्य आहे आणि शाळेचं पहिलं वर्ष त्यात पुढेच असतं, कारण इतके नवे विषाणू त्याला एकदम भेटत असतात. साध्या विषाणूजन्य सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. हात धुण्याची सवय लावा, राहिलेल्या लशी पूर्ण करा, आणि अंगात ताप असताना पॅरासिटामॉल देऊन शाळेत पाठवू नका. इतरांच्या घरीही लहान बाळं असतात.

शूचा अपघात झाला तर रागावू नका. घरी कधीच सांगायला चुकत नव्हतं ते मूल नव्या जागी, खेळाच्या नादात चुकतं. झोपेत अंथरूण ओलं करणारी मुलं तर पाचव्या वर्षीही साधारण १५ टक्के असतात. इलॅस्टिकची चड्डी, कपड्यांचा एक जादा जोड, आणि त्याला स्वतःला उघडता येईल असा डबा एवढी तयारी पुरे. डबा भरलेला परत येतो तो पुष्कळदा झाकण न उघडल्यामुळे.

‘शाळेत इतकं शहाणं आणि घरी आलं की नुसता धिंगाणा!’ दिवसभर रांगेत उभं राहायचं, खेळणं वाटून घ्यायचं, पाळी येईपर्यंत थांबायचं, हे सगळं मुलाने ताकद लावून केलेलं असतं. घरी, हक्काच्या माणसापाशी, ती ताकद संपते. तेव्हा लगेच ‘आज काय शिकवलं?’ विचारलं तर उत्तर ‘काही नाही’ असंच येणार. आधी खाऊ, मग थोडं लोळणं. नंतर नेमकं विचारा: तुझ्या शेजारी कोण बसलं होतं? घसरगुंडीवर गेलास का? ताईंनी कुठलं गाणं म्हटलं? मग बोलणं सुरू होतं.

मूल वर्गात एकटंच खेळतंय, असं कळलं तरी घाबरू नका. या वयात दोन मुलं शेजारीशेजारी बसून आपापला मनोरा रचतात आणि तेही सोबत खेळणंच असतं. मिळून खेळणं चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत हळूहळू येतं.

पहिल्या भेटीत ताईंना फीची पावती आणि गणवेशाचं माप यापेक्षा जास्त काही सांगा. मुलाला घरी कोणत्या नावाने हाक मारतात, मिक्सरच्या आवाजाला ते घाबरतं का, झोप आली की काय लागतं, घरात नुकतं बाळ आलंय का किंवा कुणी वारलंय का. घ्यायला कोण येणार त्याची नावं आणि फोटो शाळेत द्या. माणूस बदलणार असेल तर शाळेला आधी फोन करा, आणि सकाळीच मुलालाही सांगा की आज आई नाही, मामा येणार आहे.