कंपनीविना गायक : रेमो यांची वाट

मावळातील नवलाख उंबरे येथील एखाद्या तरुणाने आज स्वतःचे गाणे घरीच ध्वनिमुद्रित केले, तर ते काही दिवसांत जगभर उपलब्ध होऊ शकते. चार दशकांपूर्वी मात्र गायकाला कॅसेट कंपनीचे दार ठोठावावे लागे. ते दार न उघडल्याने स्वतःची वाट काढणारे गायक म्हणजे गोव्याचे रेमो फर्नांडिस.

१९५३ मध्ये जन्मलेल्या रेमो यांनी मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. गोव्याच्या जीवनावरील त्यांच्या इंग्रजी पॉप गाण्यांत कंपन्यांना रस नव्हता. अखेर १९८४ मध्ये त्यांनी शिवोली या आपल्या गावी, घरातच ‘गोवन क्रेझी’ हा संग्रह ध्वनिमुद्रित केला. गीत, संगीत, गायन, वादन आणि मुखपृष्ठही त्यांचेच. तयार कॅसेट त्यांनी स्वतःच्या स्कूटरवरून गोव्यातील दुकानांत पोचविल्या.

या धडपडीचे महत्त्व व्यवहार पाहिल्यावर ध्यानात येते. स्टुडिओ, वादक, कॅसेटनिर्मिती आणि वितरण यांचा खर्च कंपनी करते. त्या बदल्यात ध्वनिमुद्रणाची मालकी तिच्याकडे जाते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता हाच सर्वसाधारणपणे त्याचा पहिला मालक असतो. कलावंत स्वतः निर्माता झाला, तर मालकी त्याची. मात्र तोटाही त्याचाच.

स्वतंत्र वाटेची मर्यादाही रेमो यांच्या कारकिर्दीत दिसते. देशभरातील श्रोत्यांपर्यंत त्यांना नेले ते चित्रपटांनी. १९८७ च्या ‘जलवा’चे शीर्षकगीत आणि १९९५ मध्ये ए. आर. रहमान यांच्या संगीतातील ‘हम्मा हम्मा’ यांमुळे त्यांचा आवाज घराघरांत पोचला. १९९८ मध्ये ‘ओ मेरी मुन्नी’ हा संग्रह सोनी या बड्या कंपनीकडून आला. २००७ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

२०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना रॉयल्टीतील वाट्याचे संरक्षण दिले. त्यामुळे कंपनीशी करार करताना काय द्यायचे आणि काय राखायचे, हे नव्या कलावंताने आधी वाचून घेतले पाहिजे. ध्वनिमुद्रण आज स्वस्त झाले आहे. गाणे श्रोत्यांपर्यंत नेण्याचे कष्ट मात्र संपलेले नाहीत. कंपनी नसेल, तर ती स्कूटर आजही कलावंतालाच चालवावी लागते.