आत्ययिक कक्षातील वेदना आणि रुग्णाचे समाधान

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा ढिगाऱ्याखालून काढलेल्या जखमींना उपचारांसाठी उमरगा, सोलापूरपर्यंत न्यावे लागले. आज परिस्थिती पालटली आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावते आणि तीवर वैद्यकीय अधिकारी म्हणून आपले अनेक बी.ए.एम.एस. बंधुभगिनी सेवा देतात. अपघातग्रस्ताच्या वेदनेचा पहिला साक्षीदार पुष्कळदा आपल्यापैकीच कोणी असतो.

काही वर्षांपूर्वी मनगट मोडलेल्या एका नातलगास घेऊन मी एका रुग्णालयात गेलो होतो. केसपेपर, क्ष-किरण, पुन्हा रांग. दोन तासांत वेदनाशामक तर नाहीच, पण 'किती दुखते आहे?' असे कोणी विचारलेही नाही. हाड पुढे उत्तम जुळले. तरीही त्या रुग्णालयाचा विषय निघाला की ते गृहस्थ आजही संतापतात.

ऑस्ट्रेलियातील ॲन-मरी केली यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच कोडे दिसते. वेदना मोजपट्टीवर किती उतरली, याच्याशी रुग्णाच्या समाधानाचा मेळ बसला नाही. विचारपूस आणि तत्परता यांचे मोल त्यावरून ध्यानी यावे. मात्र गोड बोलून भागते, असा अर्थ कोणी काढू नये! उलट टोकही घातकच. अमेरिकेत वेदनेला पाचवे जीवनचिन्ह मानून समाधानाच्या गुणांमागे धावताना अफूजन्य औषधांच्या अतिवापरास हातभार लागला, अशी टीका झाली.

सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्मजन्य वेदनेवर यष्टीमधुयुक्त कोमट घृताचे सिंचन सांगितले, भग्नासाठी वेळू, वड, पळस इत्यादींच्या कुशा सांगितल्या. यांतील कुशाबंधन आजही पहिले वेदनाशमन होय. हललेले हाडच अधिक दुखते. चरकोक्त वेदनास्थापन गणाविषयी मला आदर आहे, परंतु मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णास शिरीष-अशोकाचा काढा देत बसणे मला मान्य नाही. तेथे सूचिवेधच हवा.

आणखी एक जुना समज सोडावा लागेल. तीव्र उदरशूलात निदानापूर्वी वेदनाशामक दिल्यास लक्षणे झाकली जातात, असे आपण शिकलो. पुढील अभ्यासांत अफूजन्य वेदनाशामकांनीही निदान चुकण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. शस्त्रक्रियातज्ज्ञ येईपर्यंत रुग्णास तळमळत ठेवण्याचे समर्थन आता उरत नाही.

औषधविक्रेत्यांचा संबंध येथेच येतो. खेड्यातील रुग्ण रुग्णालयाआधी दुकानात येतो आणि डायक्लोफेनॅक मागतो. वांती-जुलाबाने शोष पडलेला, वृक्कविकाराचा किंवा जठरव्रणाचा रुग्ण असेल तर ते देऊ नये, वैद्याकडे धाडावे. ज्याला काही दिले असेल, त्याच्या हाती औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी द्यावी. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरला त्या चिठ्ठीवरूनच पुढची मात्रा ठरवता येते.